रेस कोणाला देतोस?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमची गाडी उठलीच नाही. मामा पुण्याहून आईकडे आलेला, दोघांना घेऊन दादरला मावशीकडे जायचं ठरलेलं, आई नवी साडी नेसून फराळाचे डबे घेऊन पार्किंगमध्ये उभी, आणि मी दाराचं हँडल ओढतोय तर काहीच नाही. रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली लपवलेली असते हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा कामाला आलं. दार उघडलं, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, थरथरले, आत कुठेतरी पाल चुकचुकावी तसं टक-टक-टक झालं आणि सगळं विझलं. हीच ती हायब्रिड, पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, जिच्या अ‍ॅव्हरेजचं कौतुक मी आदल्या रात्री करंज्या खात खात मामाला तासभर ऐकवलं होतं.

मामा आता ७४ वर्षांचा आहे. पुण्यात घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये, रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त करतात तिथे, त्याची सगळी नोकरी गेली. त्याने बोनेट उघडायला लावलं, हात मागे बांधून आत बघितलं, कशालाही हात न लावता. मग म्हणाला, "मोठी बॅटरी केवढी म्हणालास काल?" म्हटलं पाऊण युनिटची. म्हणजे आपल्या वीजबिलात असतं त्या युनिटातलं पाऊण. "मग ती कुठे मेलीय?" ती मेलेली नव्हती, मागे सीटखाली ठणठणीत होती, मेली होती ती साधी बारा व्होल्टची, स्कूटरला शोभेल अशी छोटी बॅटरी. गाडीचा कॉम्प्युटर तिच्यावर जागा होतो, तो जागा झाला की रिले, म्हणजे विजेचे स्विच, जोडले जातात, आणि मग कुठे मोठ्या बॅटरीचा रस्ता मोकळा होतो. माझा पाय मुरगळला म्हणून गाडी तीन आठवडे उभी होती आणि मी बाहेरून बसवून घेतलेला डॅशकॅम दिवसरात्र तिला पीत बसला होता. चूक माझीच. मामाने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तिजोरी भरलेली आहे, पण तिजोरीपर्यंत जायला रिक्षाला पैसे नाहीत."

आणि गंमत बघा, रिक्षाच आली. वॉचमनचा भाऊ रिक्षा चालवतो, त्याने मागची सीट उचलून बॅटरी मोकळी केली, कोणाकडून तरी वायरी आणल्या, लाल लालला लावली, मी बटण दाबलं आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'रेडी' आलं. तो बिचारा वायर धरून तसाच उभा. म्हणाला, "झाली नाही अजून." मी म्हटलं झाली. "आवाज?" आवाज नाही येत हो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच त्याला फसवतोय. बॅटरीला इथे इंजिन फिरवायचं नसतं, फक्त कॉम्प्युटरला डोळे उघडायला लावायचे असतात, म्हणून रिक्षाची बॅटरीसुद्धा पुरली. पण हे त्या क्षणी कोणाला सांगणार, आई तर म्हणाली, "एवढे लाख घातले आणि रिक्षाने चालू झाली."

तर आम्ही निघालो. ईस्टर्न एक्सप्रेसवर विक्रोळीच्या आसपास मामा एकदम म्हणाला, "रेस देतोस ती कोणाला देतोस?"

मला कळलंच नाही. "म्हणजे?" "म्हणजे पाय दाबलास. निरोप कोणाला गेला? इंजिनाला का मोटरीला?" मी सकाळपासून वैतागलेला, आई मागे बसलेली, रिक्षा डोक्यातून गेली नव्हती. मी म्हटलं, "गाडीला देतो रे." मामा "बरं" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. वाद घालणारा माणूस आहे तो, 'बरं' म्हणून गप्प बसणाऱ्यातला नाही. ते 'बरं' दादर येईपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून होतं, आणि खरं सांगायचं तर अजून आहे. कारण दोन वर्षं मी त्या पेडलवर पाय ठेवतोय, ऑफिसात चार लोकांना हायब्रिड घ्या म्हणून सांगितलंय, आणि मला खरंच माहीत नव्हतं की निरोप कोणाला जातो.

घोरपडीला आम्ही मे महिन्यात जायचो. क्वार्टर्सच्या मागे शेड, आणि शेडमधून येणारा तो वास, जळकं डिझेल, ग्रीस, ओलं सुती कापड, मामाच्या शर्टाला तो धुतल्यावरही असायचा. रात्री एखादं इंजिन तपासायला लोडवर घ्यायचे तेव्हा खिडकीच्या काचा वाजायच्या. मामा झोपेतच सांगायचा, पाचवा नॉच, सहावा नॉच. अल्को कंपनीच्या डिझाइनची ती इंजिनं, २६०० हॉर्सपॉवरची, ड्रायव्हरकडे रेस म्हणून एक दांडा आणि त्याला आठ खाचा, त्या खाचा म्हणजे नॉच. आठव्या नॉचला आभाळ काळं व्हायचं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, मामा म्हणाला होता की ते इंजिन चाकं फिरवतच नाही. ते नुसता जनरेटर फिरवतं, त्या विजेवर मोटरी चालतात, आणि मोटरी चाकं फिरवतात. मी भांडलो होतो. मग एवढा धूर कशाला? एवढा आवाज कशाला? मला वाटलं मला मुंबईचा मुलगा म्हणून बनवतायत. हजारो टनांची मालगाडी जागेवरून हलवायची तर इंजिन आणि चाक यांच्यात टिकेल असा क्लच आणि गिअरबॉक्स बनवणं महाकठीण, म्हणून हा वळसा, हे मला फार नंतर कळलं. तिथेही इंजिन सुरू करायला ७२ व्होल्टच्या बॅटऱ्या असायच्या आणि त्यांच्यावर जनरेटरलाच मोटर करून इंजिनाला गरका द्यायचे. बॅटरी उतरली की तो डोंगराएवढा गडी ठार मुका. मामाला आमच्या गाडीचं नवल का वाटलं नाही ते आता लक्षात येतंय.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी विषय परत काढला. थोडी लाज वाटत होती म्हणूनही असेल. मोबाईलवर पुण्याचा मामेभाऊ स्पीकरवर होता, त्याने गेल्या वर्षी इलेक्ट्रिक घेतलीय आणि तो धर्मांतर केलेल्या माणसाच्या उत्साहाने बोलतो. त्याचं एकच पालुपद, "दादा, तुझी गाडी म्हणजे धड इकडे नाही आणि धड तिकडे नाही. इंजिन पण वागवायचं, मोटर पण वागवायची, बॅटरी पण वागवायची, ऑइल बदलायचंच, पेट्रोल भरायचंच. दोन संसार कशाला?" मी म्हटलं, दोन कुठे, मोज की. आमच्यात क्लच नाही. वेगळा स्टार्टर नाही, आल्टरनेटर नाही, गिअर बदलणारा गिअरबॉक्सच नाही. तो म्हणाला गिअरबॉक्स नाही कसा, डी आणि आर आहे की. तिथे मी अडकलो, कारण ते आत नेमकं काय आहे हे मला सांगता येईना. मी यूट्यूबवर बघितलं होतं, तीनदा बघितलं होतं, तेव्हा कळलं होतं.

मामाने आईला परात मागितली.

परातीच्या मध्ये त्याने एक वाटी उपडी ठेवली. मग वाटी आणि परातीचा काठ यांच्यामध्ये बेसनाचे लाडू ठेवले, चार, एकसारखे निवडून, दोन्हीकडे टेकतील असे. आई म्हणाली, दादा, ते खायचे आहेत. "परातीचा काठ म्हणजे चाकं," मामा म्हणाला. "मधली वाटी म्हणजे छोटी मोटर, जी जनरेटर पण आहे. आणि हे लाडू गोल गोल प्रदक्षिणा घालतात ती प्रदक्षिणा म्हणजे इंजिन." मोठी मोटर कुठंय विचारलं तर म्हणाला ती काठालाच, चाकांच्या बाजूला. मग त्याने मला परात घट्ट धरायला लावली, म्हणजे गाडी उभी आहे, आणि वाटी फिरवली. लाडू लोळत लोळत वाटीभोवती निघाले. "हे बघ, इंजिन चालू केलं. झाला तुझा स्टार्टर." मग त्याने बोटांनी लाडू जागच्या जागी धरून ठेवले, म्हणजे इंजिन बंद, आणि मला म्हणाला आता परात फिरव. परात उजवीकडे फिरली, लाडू जागेवरच गरगरले आणि वाटी डावीकडे फिरायला लागली. गाडी चालतेय, इंजिन झोपलंय, छोटी मोटर उलटी मोकळी फिरतेय. आणि मग तिसरं, लाडवांना ढकलून प्रदक्षिणा घालायला लावली तर त्यांचा जोर परातीलाही जातो आणि वाटीलाही जातो, दोघांना एकदम. वाटी जेवढी अडवून धरशील तेवढा जोर काठाला लागतो. वाटीला अडवणं म्हणजेच तिच्याकडून वीज काढणं. ती वीज परत मोठ्या मोटरीला. गिअर एकही बदललेला नाही, फक्त वाटीचा वेग कमीजास्त केला.

एव्हाना दोन लाडू फुटले होते. मामेभाऊ फोनवर ओरडत होता की व्हिडिओ लावा. "खऱ्या गिअरला दात असतात," मामा म्हणाला, "लाडवाला नसतात," आणि फुटलेला अर्धा तोंडात टाकला.

याला प्लॅनेटरी गिअर म्हणतात आणि टोयोटाने हाच खेळ डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियसमध्ये घालून विकायला काढला. तिच्यात मधल्या चाकाला ३० दात आणि बाहेरच्या कड्याला ७८, त्यामुळे इंजिनाचा जोर कायम ठरलेल्या हिश्श्यात वाटला जातो, ७२ टक्के चाकांकडे, २८ टक्के जनरेटरकडे. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की वाटणी पक्की आहे पण वेग मोकळा आहे. इंजिनाने चाकाच्या तालावर नाचायची गरज उरली नाही. आता मामाचं जुनं वाक्य, इंजिन चाकं फिरवतच नाही, ते आमच्या गाडीला पूर्ण लागू नाही, अर्धंच लागू आहे. होंडाने २०२२ मध्ये सिटीची हायब्रिड इथे आणली, तिला ते बरंचसं लागू आहे. ती शहरात इंजिनाने नुसती वीज बनवते, मोटर गाडी ओढते, आणि हायवेला एका लयीत धावायला लागली की एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. म्हणजे मामाचं डिझेल लोकोच, वर एक शॉर्टकट. आणि तिसरी एक जात आहे, माइल्ड म्हणतात ती, २०१५ पासून आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या मागे बिल्ला लागला होता तसली. त्यात आल्टरनेटरच जरा मोठा करून थोडा हात देतो. त्याला हायब्रिड म्हणणं म्हणजे वरणात हिंग टाकून साग्रसंगीत जेवण म्हणण्यासारखं आहे, पण असो.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर मी ते आधी चमत्कार समजून सांगायचो. आता मला तो फोडणीचा हिशोब वाटतो. चार माणसांना घेऊन पन्नासच्या स्पीडला असलेली गाडी सिग्नलला थांबवली की ब्रेक ती सगळी धाव गरम करून हवेत सोडतात. परत पन्नासला आणायला साध्या पेट्रोल गाडीला जेमतेम पंधरा मिली पेट्रोल जास्तीचं लागतं, मी कागदावर काढून बघितलं, टेबलस्पूनभर, आमटीच्या फोडणीला घालतो तेवढं. आता एलबीएस मार्गावर भांडुप ते घाटकोपर तुम्ही किती फोडण्या जाळता ते मोजा. हायब्रिडमध्ये ब्रेकवर पाय ठेवला की मोटर जनरेटर होते आणि ती फोडणी परत बाटलीत ओतते, सगळी नाही, जाताना थोडं सांडतं येताना थोडं सांडतं, पण ओतते. आपल्या लोकल हेच करतात, सीमेन्सच्या रेकपासून आपण ते रोज ऐकतोय, स्टेशन आलं की तो जो उतरता सूर लागतो त्यात वीज वरच्या तारेत परत जात असते आणि पुढे सुटणारी दुसरी लोकल ती घेते. मामाच्या डिझेलकडे ती सोय नव्हती. त्याच्याकडे डायनॅमिक ब्रेक होता, मोटरी जनरेटर व्हायच्या पण वीज ठेवायची कुठे, म्हणून ती ग्रीडमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या तापणाऱ्या तारांच्या जाळीत, जाळायची आणि पंख्याने उष्णता बाहेर फेकायची. "आम्ही घाटात हीटर लावून उतरायचो," असं तो म्हणतो, आणि त्यात त्याला वाईट वाटतं हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवलं.

दुसरी बचत इंजिनातच आहे. यांची इंजिनं अ‍ॅटकिन्सन पद्धतीची असतात, जेम्स अ‍ॅटकिन्सनने १८८२ मध्ये काढलेली कल्पना, आता वेगळ्या मार्गाने करतात, हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद करतात म्हणजे थोडी हवा परत जाते आणि उरलेली जळाल्यावर तिला पसरायला जास्त जागा मिळते. पेट्रोल वाचतं, पण खालचा जोर जातो. असं इंजिन एकटं दिलं तर माणूस शिव्या घालेल. तो खालचा जोर मोटर भरून काढते, म्हणून ते चालतं. म्हणजे मामेभाऊ म्हणतो तसे दोन संसार नाहीत, मुद्दाम एक अंग कमजोर ठेवलंय कारण दुसऱ्याला ते येतं. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कशाला मग ते कमजोर अंग ठेवायचं?" आणि खरं सांगू, आमच्या सोसायटीत चार्जरचा विषय तीन मीटिंगा अडकला नसता तर मीही तेच म्हणालो असतो. सरकारनेही तेच म्हटलं, मोठ्या हायब्रिडला सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के सेस मिळून ४३, इलेक्ट्रिकला ५. इंजिनिअरिंगचा वाद आपण परातीत घालतो, निकाल भलतीकडेच लागतो.

दोन दिवसांनी मामाला पुण्याला सोडायला निघालो. दिवाळीनंतरचा रविवार, एक्सप्रेसवेला जत्रा. सपाटीवर शंभरच्या स्पीडला गाडी म्हणजे एक साधी, जरा जड पेट्रोल गाडी. ब्रेकच नाही तर परत काय मिळणार. शहरात मला बावीस-तेवीसचं अ‍ॅव्हरेज पडतं आणि इथे अठराच्या खाली येतं, लोकांना हे उलटं वाटतं. मी मामाला सांगितलं की आता घाटात बघ, ही ओरडेल. खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटरची चढण, माणसांसकट गाडी तेवढी वर उचलायची म्हणजे नुसतं उचलायलाच साधारण अडीच युनिट लागतात. आपली शिदोरी पाऊण युनिट, तीही पूर्ण वापरू देत नाहीत. पहिल्या काही वळणांत बॅटरीच्या दांड्या दोनवर आल्या, आणि मग इंजिनाने जो एकसुरी आरडाओरडा सुरू केला, गाडीचा स्पीड साठच, आवाज मात्र एकशेवीसचा, आणि पाय थोडा उचलला तरी तो लगेच खाली येत नाही. ही तक्रार सगळेच करतात, पाय आणि आवाज यांची फारकत झालीय. मला ती पहिल्यापासून खुपते. जुन्या गाडीत चढणीला दुसऱ्यावर टाकायचो तेव्हा हाताला, टाचेला कळायचं की आपण काहीतरी केलंय.

मामाने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपला. तर ओठ हलले, "आठवा नॉच." आणि चेहरा असा की कोणी त्याचं आवडतं गाणं लावलंय. लोकोतही दांडा सरकवला की ड्रायव्हर फक्त सांगतो एवढी शक्ती पाहिजे, पुढे गव्हर्नर नावाचं यंत्र बघतं इंजिनाचं, लोडचं दुसरं यंत्र बघतं, आणि इंजिन गाडीच्या वेगाची पर्वा न करता आपल्या आवाजात ओरडत राहतं. त्याला यात काही तुटलेलं वाटतच नव्हतं. कर्जतला घाट चढायला गाडीच्या मागे ढकलणारी जास्तीची इंजिनं, म्हणजे बँकर, लागायचे ते आठवून तो म्हणाला, तुझी मोटर बँकर आहे, फरक एवढाच की आमचे बँकर लोणावळ्यापर्यंत साथ द्यायचे, तुझा खोपोलीच्या वर आला की दमला. मी म्हटलं वडा नाही मिळाला त्याला.

खंडाळ्याच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता म्हणे. डावीकडे दरी, पुढे ब्रेकच्या लाल दिव्यांची रांग, आजूबाजूच्या गाड्या घरघरत, त्यांच्या एसीचं पाणी रस्त्यावर टपकतंय. आमचं इंजिन बंद झालं. एसी चालू, कारण त्याचा कॉम्प्रेसरही विजेवरच, पण बाकी इतकं गप्प की मामाच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आपण फूटभर सरकतो, गप्प. परत थांबतो, गप्प. दहाएक मिनिटं अशीच गेली असतील, मध्ये मामा खरंच झोपला, मान एका बाजूला, हातात फराळाची पिशवी तशीच धरून. बॅटरी उतरत उतरत शेवटच्या दांडीवर आली. माझा पाय ब्रेकवर होता, मी काहीच केलं नव्हतं, आणि इंजिन आपण होऊन सुरू झालं.

मामाने डोळे उघडले नाहीत. "त्याला कोणी सांगितलं?"

"मी नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला, आणि पिशवी मांडीवर नीट घेऊन परत झोपला.